हायब्रीडची ज्वारी काळी का पडली?

"आताची माणसं हायब्रीडची!" दोन जिने चढून धापा टाकणाऱ्या नातवाला घरातलं जुनं माणूस हे हमखास ऐकवतं. दिसायला भरलेलं पण आत दम नाही, असा या शब्दाचा अर्थ मराठीत रुजला. मीही तो ऐकतच वाढलो. पुढे हे हायब्रीड बियाणं तयार कसं झालं आणि त्याच्यामागे सरकारी पैसा कुठपर्यंत उभा राहिला, हे वाचत गेलो, तेव्हा या शब्दात त्या पिकावर अन्याय झालाय असं मला वाटू लागलं. धान्य वाढवण्याच्या सरकारी योजना कुठे फळतात आणि कुठे अर्ध्या वाटेत थांबतात, हे समजून घ्यायला महाराष्ट्राच्या ज्वारीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आधी तो काळ आठवावा लागेल. 1964-65 साली देशात जवळपास 8 कोटी 90 लाख टन अन्नधान्य पिकलं होतं. पुढच्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि आकडा 7 कोटी 20 लाख टनांवर आला. 1966 मध्ये सुमारे 1 कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेच्या 'पीएल-480' या अन्नमदतीच्या कायद्याखालचं. बोटी बंदराला लागायच्या आणि धान्य तिथून थेट रेशनच्या दुकानात जायचं, इतकी हातातोंडाची गाठ होती.

सरकार तोवर स्वस्थ बसलेलं नव्हतं. 1960-61 मध्ये 'सघन शेती जिल्हा कार्यक्रम' सुरू झाला होता. पंजाबातलं लुधियाना, तमिळनाडूतलं तंजावर अशा सात जिल्ह्यांपासून सुरुवात झाली आणि पुढच्या टप्प्यात आपला भंडारा जिल्हा आला. भंडाऱ्याची निवड समजण्यासारखी होती. तिथे धानाची जुनी शेती होती आणि मालगुजारांच्या काळापासूनचे तलाव होते. माजी मालगुजारी म्हणून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. योजनेची कल्पनाही चांगली होती: खत, कर्ज, सुधारित बी, सल्ला, साठवण हे सगळं एका जिल्ह्यात एकदम पोचवायचं. 'पॅकेज प्रोग्रॅम' हे तिचं दुसरं नाव.

पैसा आला, खत आलं, ग्रामसेवक बांधावर आले. उत्पादन वाढलं, पण ज्या उडीची अपेक्षा होती ती बहुतेक जिल्ह्यांत दिसली नाही. अडचण रोपाच्या अंगातच होती.

आपल्या जुन्या भाताच्या आणि गव्हाच्या जाती उंच होत्या. युगानुयुगं कमी खतावर, तणाशी झुंजत वाढलेल्या पिकाला उंची हवीच असते. उंच झालं तरच ऊन मिळतं. अशा रोपाला युरिया भरपूर दिला की ते आणखी उंच होतं, पानं गर्द होतात, ओंबी जड होते आणि दाणे भरत असताना एखादी वाऱ्यापावसाची सर आली की सगळं शेत लोळतं. आडवं पडलेलं पीक एकमेकांचं ऊन अडवतं, खालचा थर कुजतो, कापणीला माणसं दुप्पट लागतात. म्हणजे खताच्या प्रत्येक जादा गोणीबरोबर पीक पडण्याचा धोका वाढत होता. शेतकऱ्याने अर्धीच गोणी टाकली, तर तो अडाणी होता असं म्हणता येणार नाही. त्याने आपलं रोप नीट ओळखलं होतं.

गव्हापुरतं हे कोडं सोडवणारं जनुक जपानमध्ये मिळालं. तिथे 1935 साली 'नोरिन-10' नावाचा बुटका गहू तयार झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचं बी अमेरिकेत पोचलं आणि तिथून मेक्सिकोत गव्हाचे नवे वाण घडवणारे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे. हा गहू बुटका का, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी झाला. जिबरेलिन नावाचं संप्रेरक रोपाला 'वाढ' असा निरोप देतं. पेशींमध्ये 'डेला' नावाची प्रथिनं वाढीला लगाम घालून बसलेली असतात आणि जिबरेलिन आलं की ती नष्ट होतात, लगाम सुटतो. नोरिनच्या जनुकात एक छोटासा बदल झाला होता. त्यामुळे त्याचं डेला प्रथिन हा निरोप ऐकतच नाही आणि लगाम तसाच आवळलेला राहतो. ताट आखूड राहतं आणि खोडात जाणारं अन्न ओंबीकडे वळतं. जुन्या गव्हात रोपाच्या एकूण वजनाचा तिसरा हिस्सा दाणा असायचा, बुटक्या गव्हात तो निम्म्याच्या जवळ गेला. शिवाय खत वाढवलं तरी पीक सहजासहजी लोळत नाही.

1966 साली भारताने मेक्सिकोहून या बुटक्या गव्हाचं 18,000 टन बियाणं आणलं. सी. सुब्रमण्यम कृषिमंत्री होते आणि एम. एस. स्वामिनाथन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आधी शेतकऱ्यांच्या रानात चाचण्या घेऊन दाखवल्या होत्या. मेक्सिकोच्या गव्हाचा दाणा लालसर होता, आपल्या लोकांना तो रुचेना, म्हणून आपल्या संशोधकांनी पिवळसर दाण्याच्या 'कल्याणसोना' आणि 'सोनालिका' निवडून काढल्या. 1964-65 मध्ये गहू 1 कोटी 23 लाख टन होता, 1970-71 मध्ये 2 कोटी 38 लाख टन झाला.

ही गोष्ट सांगताना आपण बहुतेकदा बियाण्यापाशी थांबतो. मला त्याच्या मागेपुढे काय होतं ते महत्त्वाचं वाटतं. बुटक्या गव्हाला वेळेवर पाणी लागतं, आणि पंजाबात जुने कालवे होते, 1963 मध्ये भाक्रा धरण पूर्ण झालं होतं आणि विहिरींवर पंप बसत होते. 1965 सालीच भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. पीक यायच्या आधीच त्याचा भाव आणि गिऱ्हाईक ठरलेलं होतं. विक्रमी पीक आलं की भाव कोसळतो आणि शेतकरी पुढच्या वर्षी पेरा कमी करतो, हा शेतीतला जुना फेरा आहे. गव्हापुरता तो सरकारी खरेदीने मोडला. माझ्या मते त्या काळातली सगळ्यात शहाणी गुंतवणूक हीच, खळ्यावरून धान्य उचलण्याची.

आता आपल्या ज्वारीकडे येतो.

ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. हायब्रीडसाठी दोन वाणांचा संकर करायचा तर मादी म्हणून वापरायच्या कणसातला प्रत्येक परागकोश पराग सुटायच्या आधी काढावा लागेल. एका कणसात हजारांनी फुलं असतात, आकार तांदळाच्या कणीएवढा. चिमट्याने हे काम प्रयोगशाळेत करता येतं, पण एकरभर बियाण्यासाठी कोण करणार? 1954 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या संशोधकांनी यावर तोड काढली. त्यांनी 'मिलो' ज्वारीच्या पेशीद्रवात 'काफिर' ज्वारीचं केंद्रक आणून बसवलं, आणि त्या जोडीचं आपसात जमेना. केंद्रक आणि पेशीद्रवातली तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) यांचा मेळ बसला नाही की परागकोश तयार होतात, पण पांढुरके, सुकलेले, आत पराग नाही. मादी भाग मात्र धडधाकट. म्हणजे निसर्गानेच चिमट्याचं काम करून ठेवलं.

याच तंत्राने 1964 मध्ये आपल्याकडे 'सीएसएच-1' आली, भारताची पहिली संकरित ज्वारी. आई अमेरिकन वंशाची 'काफिर-60', बाप 'आयएस-84'. बापाकडे परागशक्ती परत आणणारी जनुकं होती, म्हणून शेतकऱ्याच्या रानातलं कणीस दाण्यांनी भरायचं. बीजोत्पादनाच्या शेतात आजही ही मांडणी पाहता येते: मादीच्या चार ओळी, नराच्या दोन, कडेला सगळीकडे नर. फुलोऱ्याच्या दिवसांत नराच्या कणसावर टिचकी मारली की पिवळी पूड उडते. शेजारच्या मादीच्या कणसावर कितीही मारा, काही पडत नाही. जालना पुढे बियाण्याचं गाव म्हणून ओळखलं गेलं, ते याच सुमारास तिथे बद्रीनारायण बारवाले यांनी उभारलेल्या उद्योगामुळे.

एक योगायोग मला नेहमी चटका लावतो. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर जी अमेरिकेची लाल ज्वारी आली, तिला लोक 'मिलो' म्हणायचे. घशाखाली न उतरणारी ती मिलो त्या पिढीच्या आठवणीत घट्ट बसली आहे. आणि ज्या हायब्रीडमुळे तशी ज्वारी मागवायची वेळ येणार नाही अशी आशा होती, तिच्या आईच्या पेशीतही मिलोचाच अंश होता.

वसंतराव नाईक यांचं सरकार या बियाण्यामागे जिवापाड उभं राहिलं, आणि हायब्रीडने एकरी उताराही खरोखर वाढवला. मग ती बदनाम का झाली?

कारण तिची वेळ चुकली. आपली गावरान खरीप ज्वारी दीड पुरुष उंच, आणि ती दिवस मोजत नाही, उजेड मोजते. जूनमध्ये पेरा की जुलैत, दिवस लहान होऊ लागल्याचं तिला कळलं की मगच ती पोटरीत येते. पाऊस सरत असताना निसवते, म्हणजे कणीस बाहेर काढते, आणि कोरड्या हवेत दाणा भरते. शेकडो वर्षांच्या निवडीने तिला पावसाचं वेळापत्रक शिकवलं होतं. हायब्रीडला हे घड्याळ नव्हतं. पेरल्यापासून साधारण शंभर दिवसांत ती तयार, म्हणजे ऐन सप्टेंबरच्या पावसात. ओल्या कणसात फ्युजेरियम, कर्व्ह्युलारिया अशा बुरशी घुसल्या आणि पांढरा दाणा काळपट पडला. काळ्या ज्वारीची भाकरी कडवट, बाजारात भाव पडेल. आजोबांना ताटात दिसली ती ही ज्वारी. तिच्यात दम नव्हता असं नाही, ती पावसात सापडली होती. त्यात रोप बुटकं म्हणून कडबा कमी, आणि कोरडवाहू गावात कडबा म्हणजे बैलाचा वर्षभराचा घास. गव्हात जे बुटकेपण वरदान ठरलं, ते इथे गोठ्याला महागात पडलं.

बाजरीचंही थोडंफार असंच झालं. 1965 मध्ये आलेल्या पहिल्या हायब्रीडवर काही वर्षांतच गोसावी रोग पडला आणि एकाच वाणाची शेतंच्या शेतं बसली.

या चुका दुरुस्त होण्यासारख्या होत्या, आणि संशोधकांनी बऱ्याच दुरुस्तही केल्या. पुढच्या संकरित ज्वारी अधिक उंच होत्या, बुरशीला जास्त तोंड देणाऱ्या होत्या. पण तोवर पैशाचा ओघ ठरून गेला होता. राज्यात लेव्ही, म्हणजे शेतकऱ्याकडून सक्तीची धान्यखरेदी, होती, काही काळ ज्वारीची सरकारी खरेदीही झाली, पण देशाच्या कोठारात वर्षानुवर्षं साठत गेले ते गहू आणि तांदूळ, आणि रेशनवरही मुख्यतः तेच मिळत राहिले. ज्वारी खाणाऱ्या घरात स्वस्त गहू आल्यावर भाकरीच्या जागी पोळी आली. मराठवाड्यात आणि विदर्भात खरीप ज्वारीचं रान नव्वदच्या दशकापासून सोयाबीनने घेतलं. 1970-71 मध्ये देशात 1 कोटी 74 लाख हेक्टरवर ज्वारी होती. आता ती सुमारे 40 लाख हेक्टरवर आली आहे.

कागदावर ज्वारी मागे नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य 1 रुपया किलोने द्यायची तरतूद झाली होती, तेव्हाच्या गव्हापेक्षाही स्वस्त. 2024-25 साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3371 रुपये आणि रब्बीच्या 'मालदांडी' ज्वारीचा 3421 रुपये होता, त्याच वर्षी पेरलेल्या गव्हाचा 2425. पण जाहीर झालेला भाव आणि खळ्याजवळ माल उचलणारं केंद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला एक पत्रक पुरतं. दुसरीला गोदाम, बारदाना, वजनकाटा, वेळेवर पैसे आणि ते धान्य खाणारं रेशनकार्ड लागतं. केवळ बियाण्याची मोफत पाकिटं वाटून पीक वाढत नाही, हे साठ वर्षं आपल्यासमोर आहे. तरी दर नव्या योजनेत पाकिटं आधी येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता सोलापूर, मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी बघा. मालदांडीची 'एम 35-1' ही निवड 1930 च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर झाली आणि आजही लोक ती आवडीने पेरतात. पाऊस संपता संपता पेरायची, जमिनीत मुरलेल्या ओलीवर पिकवायची, त्यामुळे दाणा मोत्यासारखा पांढरा. हायब्रीडला हे रान फारसं मानवलं नाही. इथे पिकाची खरी अडचण जमिनीतल्या ओलीची. थंडीत काळी माती भेगाळते, भेगांतून ओल उडते, म्हणून शेतकरी कोळपणी करून भेगा बुजवतो. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं तिकडे म्हणतात, आणि कोरडवाहू शेतीच्या शास्त्राचाही त्याला दुजोरा आहे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इथेच एक गोष्ट फार नेमकी केली. एकच वाण सगळीकडे न देता त्यांनी जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण वेगळे केले. हलक्या, फूटभर खोल मातीला 'फुले अनुराधा', मध्यमला 'फुले सुचित्रा', दोन फुटांच्या पुढच्या भारी काळ्या रानाला 'फुले वसुधा'. हलक्या रानातली ओल लवकर संपते, म्हणून तिथलं पीक लवकर तयार होणारं. भारी रानातलं सावकाश, उंच, भरपूर कडब्याचं. पेरणीआधी शेतात पहारीने खड्डा घ्यायचा, मुरूम किती खाली लागतो ते पाहायचं आणि मग बियाण्याची पिशवी फोडायची. फेब्रुवारीत रास होईल. ती पोत्यात भरल्यावर बैलगाडी किंवा टेम्पो कुठल्या दाराशी न्यायचा, एवढंच ठरायचं राहिलंय.