झाडाला फॉर लूप कसा लागला

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारी सकाळी इंजिनिअरिंगची चार-पाच पोरं पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बसतात. त्यातल्या एकाने घरचा कुलवृत्तांत कॉम्प्युटरवर चढवायला घेतला. मूळ पुरुष, त्याची मुलं, त्यांची मुलं, अशा सात पिढ्या. क्लास (वस्तूचा साचा) लिहिला, माणसं भरली आणि ते झाड थेट फॉर लूपमध्ये, म्हणजे प्रत्येक घटकावर तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या रचनेत, घातलं. पायथनने कळवलं की ही वस्तू इटरेबल नाही, म्हणजे तिच्यावरून एकेक करत फिरता येत नाही. "काका, लिस्ट चालते, डिक्शनरी चालते, माझं झाड तेवढं चालत नाही. असं केम?" (बडोद्याच्या मराठीत गुजराती 'केम', म्हणजे 'का', खपून जातं.)

उत्तर चार ओळींचं आहे. त्या ओळी तशाच का, हे कळायला मात्र साठ-सत्तर वर्षं मागे जावं लागतं, आणि तिथला सगळा वाद एकाच गोष्टीवर आहे: वाचता वाचता आपण कुठवर आलो, याची खूण ठेवायची कुणी? वाचणाऱ्याने, पुस्तकाने, की तिसऱ्याच कुणी?

सुरुवातीला ती वाचणाऱ्याकडेच होती. १९५७च्या फोरट्रानमध्ये लूप म्हणजे मोजणी: एक, दोन, तीन, आणि दर आकड्याला ॲरेतली (ओळीने लावलेल्या कप्प्यांतली) तेवढ्या क्रमांकाची जागा. ॲरेला हे शोभतं, कारण तिथे क्रमांक हाच पत्ता असतो. लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक कडीला फक्त पुढची कडी ठाऊक असते. झाडात तर 'पाचवा' या शब्दाला, कुठून कसं मोजायचं ते ठरवल्याशिवाय, अर्थच नाही. त्यामुळे ज्याला झाड फिरायचंय त्याला झाडाची आतली रचना माहीत असावी लागे, आणि रचना बदलली की फिरणारा प्रत्येक लूप पुन्हा लिहावा लागे.

१९७०च्या दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांचे विद्यार्थी 'क्लू' ही भाषा घडवत होते. डेटाची आतली मांडणी बाहेरच्याला दिसूच द्यायची नाही, हा त्यांचा आग्रह. (डेटा ॲब्स्ट्रॅक्शनवरच्या कामासाठी लिस्कोव्ह यांना पुढे २००८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.) पण मांडणी झाकली की फॉर लूपने चालायचं कशावरून? त्याच सुमारास कार्नेगी मेलनमध्ये 'अल्फार्ड' भाषेत जनरेटर नावाची कल्पना आकार घेत होती. क्लूवाल्यांनी ती पाहिली, आपल्या पद्धतीने सोपी केली आणि तिला इटरेटर म्हटलं. डेटाच्या मालकाने एक खास प्रक्रिया लिहायची. ती एकेक घटक 'यील्ड' करते, म्हणजे लूपच्या हातात ठेवते आणि तिथेच थांबते. लूपचं काम झालं की थांबली होती तिथूनच पुढे निघते. असं मध्ये थांबून पुन्हा चालू होणाऱ्या प्रोग्रॅमचा विचार मेल्विन कॉनवे यांनी १९६३च्या कोरूटीनवरच्या लेखात मांडलेलाच होता. क्लूने तो लूपला जुंपला.

आमच्या गावात याची उपमा फार शोधावी लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि संस्थानात फिरती ग्रंथालयं सुरू झाली. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव जात. पेटी वाचून झाली की परत, मग दुसरी. बडोद्यात पुस्तकं कोणत्या कपाटात कशी लावलीत, हे खेड्यातल्या वाचकाला माहीत असायची गरज नव्हती, आणि सगळं ग्रंथालय त्याच्या दारात ओतायचीही नव्हती. इटरेटरचे दोन्ही फायदे त्या पेटीत आहेत. पोरांना मी हेच सांगतो, आणि ती घड्याळाकडे बघतात.

क्लूमध्ये एक अडचण होती. इटरेटर फक्त फॉर लूपमध्येच वापरता येई. लूप सुटला की तो संपला. त्यामुळे दोन झाडं शेजारी शेजारी चालवून, याचं एक त्याचं एक घटक ताडून बघणं जमत नसे.

स्मॉलटॉक भाषेने उलटी वाट धरली होती: डेटाकडे मागायचंच नाही, आपलं काम ब्लॉकमध्ये (कोडच्या पुडक्यात) बांधून डेटाच्या हवाली करायचं, फिरायचं ते तो बघेल. १९९५च्या रूबी भाषेतलं 'ईच' याच घराण्यातलं. रूबीतही 'यील्ड' हा शब्द आहे. तिथे तो हातातला घटक ब्लॉकला देऊन ब्लॉक चालवतो. पायथनमधून रूबीकडे जाणारा पोरगा इथे हमखास अडखळतो. ही पद्धत वाचायला सुरेख आहे, पण दोन झाडं शेजारी चालवायची म्हटलं की तीही अडते, म्हणून रूबीलाही पुढे 'नेक्स्ट' मागता येणारा एन्युमरेटर आणावा लागला.

पर्ल भाषेने खूण थेट पुस्तकातच ठेवली. हॅशवर (नावापुढे किंमत ठेवणाऱ्या यादीवर, पायथनची डिक्शनरी तीच) 'ईच' चालवलं की कुठवर आलो हे तो हॅशच लक्षात ठेवतो. लूप मध्येच सोडला तर खूण तिथेच राहते, आणि प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे कुणी त्याच हॅशवर 'ईच' सुरू केलं की ते मधूनच सुरू होतं. 'कीज' (नुसती नावं) मागितल्या की खूण पहिल्या पानावर येते. हे मला ज्या रात्री कळलं त्या रात्री बिलांच्या एका यादीतली अर्धी बिलं गायब होती. डेटा शाबूत होता, एकही एरर नव्हती, आणि मी पहाटेपर्यंत डेटाबेसवर संशय घेत होतो.

आता पायथन. १९९१ साली गिडो व्हान रॉसम यांनी तो लोकांसमोर आणला तेव्हा त्याचा फॉर लूप मनातून फोरट्रानच होता. वस्तूला तो शून्यावं मागायचा, मग पहिलं, मग दुसरं, आणि घटक संपले की थांबायचा. आपली लिंक्ड लिस्ट लूपमध्ये घालायची तर क्रमांकाने घटक देणारी मेथड (वस्तूचं स्वतःचं फंक्शन) लिहावी लागे, आणि ती प्रामाणिकपणे लिहिली तर दर वेळी पहिल्या कडीपासून चालत जाणं आलं. हजार कड्यांसाठी पाच लाखांवर पावलं. हुशार लोक मग मेथडमध्ये आकडा नुसता घ्यायचे, बघायचे नाहीत, आणि मनातल्या मनात पुढची कडी धरायचे. चालायचं, पण ती लबाडी होती. डिक्शनरी तर थेट लूपमध्ये जातच नसे. आधी सगळ्या कीजची वेगळी यादी बनवून घ्यायची आणि ती फिरायची.

हे बदललं डिसेंबर २००१मध्ये, पायथन २.२ बरोबर. का-पिंग यी आणि व्हान रॉसम यांच्या पेप २३४ या प्रस्तावाने दोन कामं वेगळी केली. 'इटर' ही मेथड डेटाकडे, ती विचारल्यावर खूण, म्हणजे इटरेटर, काढून देते. 'नेक्स्ट' त्या खुणेकडे, ती पुढचा घटक देते आणि संपलं की 'स्टॉप इटरेशन' हे एक्सेप्शन (एररसारखा इशारा) फेकते. संपल्याची सांकेतिक किंमत का नाही ठेवली? कारण कोणतीही किंमत यादीतला खराखुरा घटक असू शकते, 'नन' (काहीच नाही) हीसुद्धा. दोन मेथड वेगळ्या असण्यात सगळी मेख आहे: पुस्तक एक, पण प्रत्येक लूपला स्वतःची खूण. पर्लमधली माझी ती रात्र इथे घडलीच नसती.

तरी झाडासाठी 'नेक्स्ट' हाताने लिहून बघा. दर वेळी परत यायचं, म्हणून कोणत्या फांद्या बाकी आहेत त्यांचा स्टॅक (एकावर एक रचलेली चळत) स्वतः सांभाळायचा. त्यावर त्याच आवृत्तीत पेप २५५ने तोडगा दिला, जनरेटर. नील शेमेनॉअर, टिम पीटर्स आणि मॅग्नस ली हेटलँड यांचा हा प्रस्ताव म्हणजे क्लूचाच यील्ड, राल्फ ग्रिसवोल्ड यांच्या 'आयकॉन' भाषेचे संस्कार घेऊन आलेला. फंक्शनमध्ये कुठेही यील्ड लिहा, बोलावल्यावर ते चालत नाही, एक इटरेटर हातात देतं. क्लूपेक्षा जास्त म्हणजे हा इटरेटर लूपबाहेरही जगतो, त्यामुळे दोन झाडं शेजारी चालतात. अशा फंक्शनला, पायथनमध्ये फंक्शनची सुरुवात करणाऱ्या 'डेफ'ऐवजी वेगळा शब्द हवा, असा वाद झाला होता. व्हान रॉसम यांनी डेफच ठेवलं. माझं मत विचाराल तर ते चुकलं. शंभर ओळींच्या फंक्शनमध्ये सत्त्याण्णवाव्या ओळीवर एक यील्ड आणि सगळ्याचा अर्थ पालटतो, हे नवशिक्याच्या जिवावर येतं.

'यील्ड' आधी राखीव शब्द नसल्याने २.२मध्ये वेगळी घोषणा करून तो चालू करावा लागे. २००३च्या २.३पासून तो सरसकट झाला. झाडासाठी आणखी एक सोय २०१२ला ३.३मध्ये आली: 'यील्ड फ्रॉम'. तोवर मुलाच्या फांदीतला प्रत्येक घटक बापाने लूप लावून पुन्हा वर ढकलायचा, आता "मुलाचं सगळं दे" एवढं म्हटलं की झालं.

बाकीच्या भाषांनी आपापल्या चालीने हेच केलं. पीएचपी ५ने २००४मध्ये पाच मेथडचा इंटरफेस आणला, तो लिहिताना हात दुखायचा, जनरेटर यायला २०१३ उजाडलं. जावास्क्रिप्टने २०१५मध्ये एक्सेप्शन टाळलं. तिथे नेक्स्ट एक वस्तू देतो, तिच्यात किंमत आणि 'झालं का' असे दोन कप्पे. मला सर्वांत आवडतं ते रिओत घडलेल्या लुआ भाषेचं २००३मधलं उत्तर. फॉर लूपला एक फंक्शन, फिरायची वस्तू आणि आताची खूण असं तिन्ही द्यायचं, आणि खूण लूप स्वतः सांभाळतो. वेगळी वस्तू बनवायचीही गरज नाही.

फिरता फिरता डेटा बदलला तर काय, हे यातल्या कुणालाच नीट सुटलेलं नाही. पायथनची डिक्शनरी आकार बदलला की एरर देते. लिस्ट मात्र काही बोलत नाही, घटक वगळून पुढे जाते.

तर आमचा कुलवृत्तांत. पोराने 'इटर'मधून झाड स्वतःच परत दिलं आणि खूण झाडातच ठेवली. साधा लूप छान चालला. मग त्याला कुठल्या पिढीत आजोबाचं नाव नातवाला पुन्हा दिलंय ते शोधायचं होतं, म्हणून त्याने त्याच झाडावर लूपच्या आत लूप लावला. आतल्या लूपने झाड संपवलं आणि बाहेरचाही तिथेच थांबला. तुलना झाली ती फक्त मूळ पुरुषाची. मी 'नेक्स्ट' खोडायला लावलं आणि 'इटर'मध्येच यील्ड लिहायला सांगितलं: आधी स्वतः, मग प्रत्येक मुलासाठी 'यील्ड फ्रॉम'. पुन्हा चालवल्यावर एकच नाव पाच पिढ्यांत निघालं, आणि आमच्या दिवाणखान्यात अचानक पाच जण आपापल्या घराण्याची नावं मोजू लागले.