दीर्घिकेत नवा निळा ठिपका: सुपरनोव्हा की टीडीई?

दीर्घिकेच्या मधोमध काल नसलेला प्रकाशबिंदू आज दिसतो. तो ताऱ्याचा स्फोट, म्हणजे सुपरनोव्हा असू शकतो. किंवा टीडीई, म्हणजे टायडल डिसरप्शन इव्हेंट: तारा केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराच्या फार जवळ गेला, अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूवरच्या ओढीतल्या फरकाने फाटला आणि त्याचा सुमारे निम्मा वायू विवराच्या ताब्यात राहिला. सुरुवातीला दोन्ही निळे दिसू शकतात, त्यामुळे एका रात्रीच्या चित्रावर निकाल देऊ नये.

खरा फरक तापमानाच्या प्रवासात आहे. सुपरनोव्हाचं कवच सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फुगतं आणि फुगता फुगता थंडावतं. हायड्रोजनवाल्या टाइप २ स्फोटात काही आठवड्यांत तापमान ६,०००-७,००० केल्विनवर येतं आणि उरलासुरला अतिनील प्रकाश लोहासारखी मूलद्रव्यं गिळतात. दृश्य प्रकाशात तारा अजून झळकतोय आणि अतिनीलमध्ये जवळजवळ विझलाय, अशी स्थिती होते. टीडीई हट्टी असते. प्रखरता उतरत जाते, पण तापमान बहुधा २०,००० ते ४०,००० केल्विनच्या आसपास महिनोन्‌महिने टिकतं. रंग निळा तो निळाच.

हे जमिनीवरून का मोजत नाहीत? २०,००० केल्विनच्या प्रकाशाचं शिखर सुमारे १४५ नॅनोमीटरला येतं आणि ३०० नॅनोमीटरखालचं जवळपास सगळं हवेतला ओझोन आणि ऑक्सिजन अडवतात. दृश्य पट्ट्यात फक्त शेपूट उरते, आणि २०,००० ची शेपूट ४०,००० च्या शेपटीसारखीच दिसते.

नासाच्या स्विफ्ट यानावरची ३० सेंटिमीटरची यूव्हीओटी दुर्बीण या कामाची. तिच्यात तीन अतिनील फिल्टर आहेत: यूव्हीडब्ल्यू२, यूव्हीएम२ आणि यूव्हीडब्ल्यू१. मोजमापासाठी ५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) त्रिज्येचं वर्तुळ घेण्याची पद्धत आहे. त्यात मूळ दीर्घिकेचा प्रकाशही येतो, म्हणून ठिपका मावळल्यावर तीच जागा पुन्हा टिपून तो वजा करावा लागतो. हे टाळलं तर प्रखरतेची उतरती रेषा मध्येच सपाट होते आणि साधा सुपरनोव्हाही 'टिकून राहिलेला' वाटतो. दुसरा सापळा फिल्टरचा. यूव्हीडब्ल्यू२ आणि यूव्हीडब्ल्यू१ मधून थोडा तांबडा प्रकाश गळतो. थंडावलेल्या सुपरनोव्हात ही गळतीच मोठा वाटा उचलते आणि तापमान फुगवून दाखवते. यूव्हीएम२ मध्ये ती अगदी कमी, म्हणून शंका आली की त्याच्याकडे बघायचं.

जागेवर फार विसंबू नये. टीडीई बहुधा केंद्रातच होते हे खरं, पण ३० कोटी प्रकाशवर्षांवर १ आर्कसेकंद म्हणजे सुमारे १,४५० प्रकाशवर्षं. केंद्राजवळचा स्फोट त्यात सहज लपतो. (केंद्र आधीपासूनच सक्रिय असेल, म्हणजे तिथलं विवर सतत वायू गिळत लुकलुकत असेल, तर तो तिसराच संशयित, जुन्या नोंदी तपासाव्यात.)

जाणकारांचीही गफलत होते. २०१५ मध्ये सापडलेला असॅसिन-१५एलएच आधी सर्वांत तेजस्वी सुपरनोव्हा म्हणून जाहीर झाला. पण साधारण दोन महिन्यांनी तो अतिनीलमध्ये पुन्हा उजळला. तो होता दीर्घिकेच्या केंद्रात, आणि ती दीर्घिका जवळपास नवे तारे न घडवणारी, असल्या स्फोटांना न शोभणारी. मग टीडीईचा दावा पुढे आला. अडचण एकच: तिथलं विवर १० कोटी सूर्यांहून जड, आणि एवढं विवर सूर्यासारखा तारा न फाडता सबंध गिळतं. ते वेगाने स्वतःभोवती फिरत असेल तरच हिशेब जुळतो.

भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीची, जिच्या उभारणीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही सहभाग होता, नजर १.५ आर्कसेकंदाहून बारीक. पण तिचा जवळच्या अतिनीलचा भाग २०१८ मध्ये बंद पडला, त्यामुळे त्यानंतर दूरचं आणि जवळचं अतिनील एकाच वेळी टिपून रंग काढता येत नाही. इस्रायलच्या अल्ट्रासॅट या अतिनील अवकाश दुर्बिणीची रचना उलट्या स्वभावाची: एका नजरेत २०४ चौरस अंश, म्हणजे सुमारे हजार पूर्णचंद्रांएवढं आकाश, पण पट्टा एकच, २३० ते २९० नॅनोमीटर. असे ठिपके ती ढिगाने शोधेल. तापमान मात्र बहुफिल्टर दुर्बिणीलाच काढावं लागेल.