तंजावरचं पाचाचं नाणं आणि तंजावरचं हजाराचं नाणं

"तंजावरच्या देवळाचं हजार रुपयांचं नाणं बँकेत मिळेल का हो?" नाण्यांचा नाद असलेल्या माणसाला हा प्रश्न अधूनमधून येतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत तो फोटो कुणाच्या तरी घरी पोचलेला असतो. मी "नाही" म्हणालो की लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग पाचाचं मला वाण्यानं सुट्ट्यात कसं दिलं?"

गोंधळ होणं साहजिकच आहे. दोन्ही नाण्यांवर तेच बृहदीश्वराचं देऊळ आहे आणि निमित्तही एकच. राजराज चोळानं बांधलेलं हे देऊळ १०१० साली पुरं झालं, म्हणून २०१० मध्ये त्याला हजार वर्षं झाली. दोन्ही भारत सरकारची, दोन्हींवर अशोकस्तंभाचे सिंह. पण ही दोन नाणी टांकसाळीतून बाहेर पडली ती वेगवेगळ्या दारांनी.

पाचाचं आधी घेऊ, कारण त्यात अवघड काही नाही. निकेल-ब्रासचं पिवळसर नाणं, २३ मिलिमीटर व्यासाचं, सहा ग्रॅम वजनाचं, म्हणजे त्या काळातल्या कुठल्याही पाचाच्या नाण्यासारखंच. ते टांकसाळीतून रिझर्व्ह बँकेकडे गेलं, तिथून बँकांत, बँकेतून दुकानदाराच्या गल्ल्यात आणि गल्ल्यातून तुमच्या खिशात. एरवी ज्या बाजूला नेहमीची नक्षी असते तिथे एका गावाचं देऊळ आलं, एवढाच फरक. याला स्मरणार्थ काढलेलं चलनी नाणं म्हणायचं. अशी नाणी आपण सगळ्यांनीच न बघता खर्च केली आहेत. १९९९ साली छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं आणि संत ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं नाणं आलं होतं. कितीतरी घरांत ती एसटीच्या तिकिटापायी गेली असतील. आपल्याकडे ही रीत सुरू झाली १९६४ मध्ये, नेहरूंच्या नाण्यापासून.

एवढं साधं असूनही लोक अशा नाण्याकडे संशयानं बघतात. छाप वेगळी दिसली की "हे चालणार नाही" म्हणणारे दुकानदार आजही भेटतात. दहाच्या नाण्यांबाबत तर हे इतकं वाढलं की २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, चौदा वेगवेगळ्या छापांची दहाची नाणी आहेत आणि सगळी चालतात. तंजावरच्या पाचाचंही तसंच. त्याची किंमत पाच रुपये, कमी नाही आणि जास्तही नाही.

हजाराचं नाणं मात्र वेगळ्या जातीचं. तळहातावर ठेवलं की आधी वजन जाणवतं. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, आणि त्यात ८० टक्के चांदी, बाकी तांबं. म्हणजे निव्वळ चांदीच २८ ग्रॅम. हे नाणं रिझर्व्ह बँकेच्या वाटेनं जातच नाही. टांकसाळ त्याची आगाऊ नोंदणी घेते, डबीत घालून घरी पाठवते, आणि त्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेते. बँकेच्या खिडकीवर ते मागणं म्हणजे पोस्टात जाऊन सोन्याची बांगडी मागण्यासारखं आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण खरा घोळ तिथेच आहे. या नाण्यावरचा "१०००" हा आकडा किमतीचा कमी आणि वाढदिवसाचा जास्त आहे. देवळाला हजार वर्षं झाली म्हणून हजार. रवींद्रनाथांच्या दीडशेव्या जयंतीला १५० रुपयांचं नाणं निघालं. २०२३ मध्ये संसदेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला ७५ रुपयांचं निघालं, स्वातंत्र्याची पंचाहत्तरी म्हणून. आता हे पंचाहत्तरचं आणि तंजावरचं हजाराचं शेजारी ठेवा. आकार तोच, ४४ मिलिमीटर. वजन तेच, ३५ ग्रॅम. फरक चांदीत, एकात निम्मी आणि दुसऱ्यात ८० टक्के. म्हणजे आकडा तेरा पटींनी वाढला तरी चांदी दुपटीलाही पोचत नाही. आकडा बघून नाण्याची किंमत ठरवणाऱ्याची इथेच फसगत होते.

मग हे हजाराचं नाणं "चालतं" का? २०११ च्या नाणे कायद्यात नाण्याची वरची मर्यादा हजार रुपये आहे, आणि हे नाणं सरकारनं त्याच मर्यादेत, रीतसर पाडलेलं आहे. खोटं किंवा खाजगी अजिबात नाही. पण २८ ग्रॅम चांदी हजार रुपयांना देऊन टाकायला कोण निघेल? कायद्याला हरकत नाही, हिशोबाला आहे.

याच ओघात आणखी एक शंका येते. २०१६ साली हजाराची नोट गेली, मग हजाराचं नाणंही गेलं का? नाही. ती बंदी नोटांवर होती, नाण्यांवर नव्हती. गंमत अशी की तंजावरच्या या देवळानं नोटबंदीसुद्धा भोगलेली आहे, पण आधीची. १९५४ साली हजाराची जी नोट आली तिच्या पाठीवर हेच देऊळ होतं. तिच्याच बरोबरच्या पाच हजाराच्या नोटेवर आपलं गेटवे ऑफ इंडिया होतं. जानेवारी १९७८ मध्ये दोन्ही रद्द झाल्या. दगडाचं देऊळ हजार वर्षं उभं राहिलं, कागदावरचं पंचवीसही टिकलं नाही.

हजाराच्या नाण्याच्या जाहिरातीत "प्रूफ" आणि "यूएनसी" असे दोन शब्द असतात. नवा माणूस यूएनसीला हलका माल समजतो. तसं नाही. चांदी दोन्हीत सारखीच. प्रूफ नाणं खास घासून चकचकीत केलेल्या ठशांनी पाडतात, त्यामुळे मागची जागा आरशासारखी आणि देवळाचं चित्र दुधट दिसतं. यूएनसी म्हणजे नेहमीच्या झळाळीचं, पण कुणाच्या हातात न फिरलेलं. मुंबईच्या टांकसाळीची खूण सालाखाली असते: साध्या नाण्यावर पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार, प्रूफवर इंग्रजी एम. भिंग घेऊन बघा, मजा येते.

मला विचाराल तर या दोघांत मला पाचाचंच आवडतं. तंजावर हे मराठी माणसाचंही गाव आहे, हे आपण विसरलो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तिथे गेले आणि भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. सरफोजीराजांनी (दुसरे) सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, आणि १८०३ साली याच बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. तमिळ देशात, चोळांच्या देवळात, मराठी अक्षरं! असं देऊळ जालन्याच्या भाजीवाल्याच्या हातातून कणकवलीच्या रिक्षावाल्याच्या हातात गेलं, कुणाच्या लक्षात आलं, कुणाच्या नाही. डबीतलं नाणं एवढा प्रवास कधीच करत नाही.

तिसराही एक प्रकार आहे, पण त्यावर फार शब्द घालवायला नकोत. सराफाकडे किंवा देवस्थानाबाहेर चांदीची "नाणी" मिळतात, लक्ष्मीची, गणपतीची, एखाद्या शहराच्या वेशीची. त्यांच्यावर रुपयांचा आकडा नसतो, सिंह नसतात, टांकसाळीची खूण नसते. ती पदकं. दसऱ्याला द्यायला छान, पण नाणं नव्हे.

आणि ते फोन? "तुमच्याकडे वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं आहे का, दहा लाख देतो, आधी थोडं शुल्क भरा." वैष्णोदेवीचं नाणंही तंजावरसारखंच स्मरणार्थ काढलेलं चलनी नाणं, पाचाचं ते पाचाचंच. जुनी नाणी-नोटा विकत घेतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावानं पैसे उकळणाऱ्यांबद्दल खुद्द बँकेनं २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. फोन ठेवून द्या.

हजाराचं नाणं घेतलंच असेल तर एवढं ऐका: ते देवघरात ठेवू नका, आणि ठेवलंच तर दिवाळीला तांब्या-पंचपात्रीबरोबर घासायला काढू नका. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी चिंच आणि रांगोळी लावून प्रूफ नाणं लखलखीत केलं होतं. काकू खूश होत्या. देवळाच्या मागची आरशासारखी जागा बारीक बारीक ओरखड्यांनी भरून गेली होती, आणि काका तेव्हापासून डबी कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवतात. किल्ली स्वतःकडे.