कास्टिंग रॉडचे गाईड बदलताना: एकपायी की दोनपायी?

मासेमारीच्या जुन्या कास्टिंग रॉडचे गाईड, म्हणजे लाईन ज्यांतून ओवली जाते त्या रिंगा, काढून नवे बसवायचे ठरले की दोन प्रकार समोर येतात. एकाची रिंग एका पायावर उभी असते, दुसऱ्याची दोन पायांवर. रिंग तीच, आतला सिरॅमिकचा काठ तोच, आकाराचे आकडेही तेच. मग बरेच जण हाताला येईल तो उचलतात, नाहीतर ठरलेला नियम लावतात: स्पिनिंगला (रील रॉडच्या खाली) एकपायी, कास्टिंगला (रील वर) दोनपायी. हा नियम आज अर्धाच बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यापायी कितीतरी चांगले ब्लँक, म्हणजे रॉडच्या नुसत्या काठ्या, विनाकारण जड आणि सुस्त होऊन बसतात.

आधी ओळख पक्की करू. पाय म्हणजे ब्लँकवर आडवा टेकणारा, गाईड बांधायच्या दोऱ्याखाली जाणारा चपटा पट्टा. रिंग उचलून धरणाऱ्या दांड्या म्हणजे पाय नव्हेत. एकपायी गाईडलाही दोन दांड्या असू शकतात, त्या खाली एकाच पट्ट्याला मिळतात. दोरा रिंगच्या एकाच बाजूला गुंडाळावा लागत असेल तर गाईड एकपायी, दोन्ही बाजूंना लागत असेल तर दोनपायी. जपानच्या फुजी कंपनीच्या माळेत पाहायचं तर केडब्ल्यू दोनपायी, केबी आणि केटी एकपायी. तिन्हींची चौकट पुढे झुकलेली असते, म्हणजे लाईनचा वेढा अडकला तरी तो घसरून सुटतो. चौकटीच्या या झुकावाचा पायांच्या संख्येशी संबंध नाही, हे लक्षात असू द्या. ‘गुंता न होणारा गाईड हवा’ आणि ‘दोनपायी गाईड हवा’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत.

आता कास्टिंग रॉडची खरी अडचण. या रॉडवर रील वर बसतं आणि गाईडही वरच. मासा ओढायला लागला की रॉड खाली वाकतो, म्हणजे गाईड वाकाच्या बाहेरच्या अंगाला येतात. ताणलेली लाईन मात्र एका रिंगेतून दुसरीत सरळ जायला बघते. दोन गाईडमधलं अंतर जास्त असेल तर ती सरळ रेषा ब्लँकला येऊन टेकते, आणखी ताण आला की ब्लँकच्या बगलेने खाली उतरते. तिथे घर्षण सुरू होतं, ब्रेडेड (विणलेली) लाईन ब्लँकवरचा मुलामा खरवडते, आणि ताण गाईडना सरळ मिळण्याऐवजी तिरपा मिळतो. स्पिनिंग रॉडला ही अडचण नाही, कारण तिथे गाईड खाली लोंबतात आणि वाकाच्या आतल्या अंगाला लाईन ब्लँकपासून दूरच राहते.

दुसरी गोष्ट पिळाची. वाकलेल्या रॉडवर प्रत्येक रिंग लाईनच्या ताणाने खाली, ब्लँकच्या दिशेने दाबली जाते. रिंग ब्लँकच्या वर उभी आहे, म्हणून तो दाब थोडा जरी कलला तरी तिला एका बाजूला लोळवायला बघतो. हातात रॉड फिरू पाहतो, मनगट भरून येतं. गाईड जितका उंच, तितका हा पिळ जास्त. त्यामुळे कास्टिंगसाठी बुटका गाईड घ्यावा, पाय एक असो वा दोन.

या दोन गोष्टी लक्षात ठेवून पायांकडे बघितलं की निवड सोपी होते.

दोनपायी गाईड बाजूच्या धक्क्याला दाद देत नाही. रॉड होडीच्या काठावर आपटला, कातळावर आडवा पडला, मोटारसायकलला बांधलेल्या पिशवीत दाबला गेला, तरी त्याची रिंग बहुतेक वेळा सरळ राहते. पिळाचा जोरही तो दोन ठिकाणी वाटून घेतो. हे सारं बळ जिथे लागतं तिथे त्याला पर्याय नाही. पण त्याची किंमत ब्लँक चुकवतो. दोन पायांच्या मधला ब्लँकचा तुकडा पुलाखाली सापडल्यासारखा ताठ होतो. रॉडचा वाक त्या जागी सपाट होतो आणि पायांच्या टोकांपाशी एकदम मोडतो. दोऱ्यावर दिलेला इपॉक्सीचा कडक लेप नेमका तिथेच तडकतो. जाड बुडख्याजवळ हे फारसं जाणवत नाही, कारण तिथे ब्लँक मुळातच कमी वाकतो. शेंड्याकडे, जिथे ब्लँक बारीक आणि वाक तीव्र, तिथे ते पहिल्या फेकीतच कळतं.

त्यात वजनाची भर. एका दोनपायी गाईडला दोऱ्याचे दोन पट्टे आणि इपॉक्सीचे दोन थर लागतात. आकडा किरकोळ वाटतो, पण रॉडवर वजन कुठे आहे याला महत्त्व आहे. हातापासून अंतर दुप्पट झालं की तेच वजन फिरवायला चौपट जड जातं. तिप्पट झालं की नऊपट. हातापासून ६० सेंटीमीटरवर बसवलेलं ग्रॅमभर वजन विसरता येतं, १८० सेंटीमीटरवरचं विसरता येत नाही. जड शेंड्याचा रॉड फेकीनंतर उशिरा स्थिर होतो. तो थरथरतो तेवढा वेळ लाईन गाईडवर आपटत राहते, फेक आखूड पडते, आणि लूअरला (बनावट आमिषाला) माशाने नुसतं चाटलं तर ते हाताला कळतही नाही.

एकपायी गाईड इथे कामाला येतो. दोऱ्याचा एक पट्टा, इपॉक्सीचा एक थर, आणि ब्लँकला वाकायला मोकळीक. याहून मोठा फायदा असा की तो हलका असल्यामुळे संख्या वाढवता येते. कास्टिंग रॉडला जास्त गाईड का लागतात ते वर पाहिलंच: अंतर कमी, तर लाईन ब्लँकला टेकत नाही. दोनपायी गाईडची संख्या वाढवली तर शेंडा जड होतो, आणि कमी ठेवली तर लाईन ब्लँकवर घासते. एकपायी गाईडने ही कोंडी सुटते. कास्टिंगला एकपायी चालत नाही म्हणणाऱ्यांनी या बाजूचा विचारच केलेला नसतो असं मला ठामपणे वाटतं.

त्याची उणीवही खरी आहे. आडव्या धक्क्याने त्याची मान वाकते. स्टेनलेसची चौकट एखाददोनदा हाताने सरळ होते, पण दर वेळी ती जागा कमकुवत होत जाते. टायटॅनियमची चौकट दाबली तरी पुष्कळदा स्वतःहून पूर्ववत होते आणि खाऱ्या पाण्यात गंजत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर ते शेंड्याकडच्या एकपायी गाईडवर करावेत, बुडख्याच्या दोनपायीवर नव्हे. दुसरी भीती पाय दोऱ्याखालून निसटण्याची. त्यासाठी पायावरचा पट्टा संपला की दांडीच्या पलीकडच्या बाजूने दोऱ्याचे काही वेढे घालून कुलूप लावतात. याला लॉकिंग रॅप म्हणतात, आणि एकपायी गाईडवर तो टाळू नये.

म्हणून माझं उत्तर: एकाच रॉडवर दोन्ही. रीलजवळचे पहिले एक किंवा दोन गाईड दोनपायी, तिथून टोकापर्यंत एकपायी. जोरदार ओढीत वाक बुडख्याकडे सरकतो आणि भार पहिल्या गाईडवर येतो. हाताळताना धक्केही त्यांनाच जास्त बसतात. तिथलं वजन हाताजवळ असल्याने खपून जातं.

७ फुटांचा, मध्यम-जड ताकदीचा, एकसंध रॉड घेऊ. पहिला गाईड दोनपायी, १० किंवा ८ आकाराचा, रीलपासून साधारण ५० सेंटीमीटरवर. त्याहून फार जवळ घेतला तर रीलचा लाईन पसरवणारा भाग डावी-उजवीकडे सरकताना लाईन तिरपी येते आणि पहिल्या रिंगेवर घासते. दुसरा दोनपायी ८ चा. पुढे ६ आकाराचे सात एकपायी, आणि शेवटी त्याच मापाच्या रिंगेचं टिप-टॉप, म्हणजे रॉडच्या टोकावरचा गाईड. टिप-टॉपच्या लगतचा गाईड त्यापासून १० सेंटीमीटरवर. तिथून मागे येताना प्रत्येक अंतर थोडंथोडं वाढवत न्यायचं. हे आकडे फक्त सुरुवातीपुरते. खरी जागा ब्लँक वाकवल्यावरच ठरते.

ती चाचणी घरातच होते. गाईड चिकटपट्टीने किंवा रबरी नळीच्या बारीक कड्यांनी तात्पुरते बसवा, लाईन सगळ्यांतून ओवा, टोकाला लिटरभर पाण्याची बाटली बांधा, म्हणजे साधारण किलोभर वजन झालं. रॉड आडव्यापासून ४५ अंशांच्या आसपास धरा. सरळ आभाळाकडे नेऊ नका, तसा धरला तर शेंडा मोडतो. दुसऱ्या माणसाला बाजूने बघायला सांगा. दोन गाईडमध्ये लाईन ब्लँकला टेकते तिथे ते जवळ घ्या, किंवा आणखी एक वाढवा. वाक कुठेही तुटक दिसता कामा नये. या कामाला संध्याकाळ गेली तरी चालेल. संपूर्ण रॉडबांधणीत यापेक्षा मोलाचा वेळ दुसरा नाही.

रिंग किती लहान घ्यावी हा मोह वेगळा आहे. ४ आकाराच्या मायक्रो रिंगा दिसतात सुंदर आणि शेंडा पिसासारखा हलका होतो. पण तुम्ही ब्रेडला (ब्रेडेड लाईनला) टोकाशी जाड लीडर, म्हणजे वेगळ्या लाईनचा तुकडा, बांधत असाल तर गाठ त्यातून खडखडत जाते, कधी अडकते, आणि फेकीच्या मध्यात अडकली तर लूअर तुटून जातो. कांदळवनाच्या कडेला जिताडा किंवा तांबोशीसाठी फेकणाऱ्याला जाड लीडर लागतोच. त्याने ५.५ च्या खाली जाऊ नये. विकत घेण्याआधी नेहमीची गाठ बांधून दुकानातच रिंगेतून ओढून बघा.

रिंगेच्या पदार्थाबद्दल फार बोलायला नको. ॲल्युमिनियम ऑक्साइड रोजच्या वापराला पुरतं. सिलिकॉन कार्बाइड जास्त कठीण, गुळगुळीत आणि उष्णता लवकर सोडणारं. नुसत्या क्रोमच्या मुलाम्याच्या जुन्या धातूच्या रिंगा मात्र ब्रेडसाठी परत वापरू नयेत, त्यात चरे पडतात. जुना गाईड ठेवायचा की काढायचा हे ठरवताना कापसाचा बोळा रिंगेतून फिरवा. धागा अडकला की तिथे तडा आहे.

दोनपायी सरसकट निवडावेत अशाही जागा आहेत. होडीतून जड जिग (वजनदार बनावट आमिष) टाकणारा आखूड रॉड, मोठ्या माशांसाठी ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट लावून वापरायचा रॉड: तिथे फेकीची नजाकत गौण आणि ताकद पहिली. अशा रॉडवर पिळाचा त्रास संपवायचा असेल तर स्पायरल बांधणी हा उत्तम उपाय आहे. पहिला गाईड वर, पुढचे एक-दोन बगलेने फिरत खाली, आणि उरलेले सगळे स्पिनिंगसारखे पोटाखाली. लाईन ब्लँकला टेकण्याचा प्रश्नही त्याने खालच्या टप्प्यात मिटतो, म्हणून तिथे गाईड कमी लागतात. दिसायला विचित्र, हाताला अतिशय शांत.

जुने गाईड काढताना सुरी कधीही ब्लँकवर टेकवू नका. पायाच्या धातूवरूनच दोरा कापा, किंचित ऊब देऊन इपॉक्सी मऊ करा आणि सोलून काढा. कार्बनच्या ब्लँकवर बारीकसा ओरखडा पडला तरी पुढे तिथूनच रॉड मोडतो. नव्या गाईडच्या पायाचं टोक कानशीने उतरतं करून घ्या, म्हणजे दोरा त्यावर सलग चढतो; पायाच्या पोटाशी धार राहिली असेल तर तीही घासून काढा.

कोकणात किंवा मुंबईत हे काम करणाऱ्यांनी हवामान बघावं. पावसाळ्याच्या दमट हवेत दोन भागांचं इपॉक्सी धुरकट होतं, कधी वर चिकट साय धरतं. पंखा-दिव्याच्या कोरड्या खोलीत काम करा किंवा पाऊस सरेपर्यंत थांबा. थर पातळ ठेवा, गोठेपर्यंत रॉड आडवा धरून संथ फिरवत राहा, आणि एकपायी गाईडच्या दांडीपाशी, जिथे कुलपाचे वेढे आहेत, तिथे इपॉक्सी दोऱ्याच्या आत मुरलं आहे ना ते भिंगाने बघा. त्या सांध्यातूनच खारं पाणी आत शिरतं.