बर्लिनची हवाई रसद (१९४८-४९)

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे चार वाटे झाले, बर्लिनचेपण चार, पण अख्खं शहर पडलं रशियाच्या वाट्याच्या मधोमध, त्यामुळे पश्चिम बर्लिन (म्हणजे अमेरिका-ब्रिटन-फ्रान्सचे तीन वाटे) चारी बाजूंनी घेरलेलं. जून १९४८ला अमेरिका-ब्रिटन-फ्रान्सनी आपापल्या भागात नवं मार्क चलन आणलं, ते स्टॅलिनला झोंबलं आणि २४ जूनला रस्ते, रेल्वे, कालवे सगळं बंद, आत वीस लाखांवर माणसं.

विमानं मात्र अडवता येईनात कारण तीन हवाई मार्ग १९४५लाच लेखी ठरलेले (रस्त्यांचं तसं लेखी काही केलंच नव्हतं, आता काय बोलणार), आणि विमान पाडायचं म्हणजे सरळ युद्धच.

२६ जूनपासून शहराला माल पुरवणारी विमानं सुरू झाली. आपल्याला वाटतं पीठ-लोणी नेलं असेल, ते होतंच, पण वजनात साधारण दोन तृतीयांश नुसता कोळसा, पोत्यांत भरून, त्याची काळी भुकटी विमानात सगळीकडे. बटाटे वाळवून नेले, ओल्या बटाट्यात बहुतेक पाणीच असतं, ते कशाला उडवायचं? मिठाने विमान गंजायचं, म्हणून समुद्रावर उतरणारी ब्रिटिश सुंदरलँड विमानं मीठ घेऊन थेट बर्लिनमधल्या हाफेल नदीच्या पाण्यात उतरायची.

१३ ऑगस्टला बर्लिनच्या टेंपलहोफ विमानतळावर पाऊस आणि खाली आलेले ढग, एक विमान धावपट्टीवर आदळून पेटलं, वर बाकीची घिरट्या घालत अडकली, त्यात या कामाचे प्रमुख जनरल टनर स्वतः. त्यांनी नियमच केला, पहिल्या खेपेला उतरता आलं नाही तर माल घेऊन तसंच माघारी जायचं, कुणासाठी थांबणं नाही. मग दर तीन मिनिटाला एक विमान, विरार लोकलला लाजवेल असं टाइमटेबल.

हॅल्व्हर्सन नावाचा पायलट रुमालाच्या छोट्या पॅराशूटला चॉकलेट बांधून पोरांसाठी टाकायचा, आपलं विमान ओळखू यावं म्हणून आधी पंख हलवून दाखवायचा. बर्लिनकर अशा विमानांना 'मनुका बॉम्बर' म्हणायला लागले.

१६ एप्रिल १९४९ला तर एका दिवसात जवळपास १३ हजार टन माल उतरला, म्हणजे ही नाकेबंदी चालत नाहीये हे मॉस्कोलापण कळलं असणार. १२ मेला रस्ते उघडले. पण पुन्हा बंद केले तर काय, म्हणून साठा करायला विमानं ३० सप्टेंबरपर्यंत कोळसा आणतच राहिली.