दीर्घ इंग्रजी शब्द

इंग्रजीतील अतिशय लांब शब्दांसाठी त्या भाषेत ‘सेस्क्विपेडेलिअन’, म्हणजे शब्दशः ‘दीड फुटी’, असे विशेषण आहे. ते रोमन कवी होरेस याच्या शब्दप्रयोगावरून आले असून त्याने तो फुगीर, अवजड शब्दांविषयी नापसंतीने केला होता. शब्दखेळांच्या शौकिनांना मात्र हेच शब्द प्रिय असतात. ते नुसते पाठ करण्यापेक्षा त्यांचा पदच्छेद करण्यात खरी गोडी आहे, कारण यांतील बहुतेक शब्द ग्रीक व लॅटिन घटकांच्या साखळीने बनलेले असून प्रत्येक कडीला स्वतंत्र अर्थ असतो. पुढे दिलेल्या अक्षरसंख्या रोमन लिपीतील आहेत.

सर्वपरिचित उदाहरण ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम’ (28 अक्षरे) या शब्दाचे. येथे ‘एस्टॅब्लिशमेंट’ म्हणजे चर्चला असलेली राजमान्यता, ‘डिस’ म्हणजे ती काढून घेणे आणि ‘अँटि’ म्हणजे त्या काढून घेण्याला विरोध. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये या प्रश्नावर तीव्र वाद झाले आणि 1869 च्या कायद्याने आयर्लंडमधील अँग्लिकन चर्चची राजमान्यता संपुष्टात आणली गेली. शब्द कितीही अवघड वाटला, तरी त्यामागे खरी राजकीय भूमिका होती.

‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ (29 अक्षरे) याचा अर्थ एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे. मराठीत ज्याला आपण ‘कस्पटासमान लेखणे’ म्हणतो, तोच. यात ‘फ्लॉक्सि’ हा लोकरीचा पुंजका, ‘नॉसि’ ही क्षुल्लक वस्तू, ‘निहिलि’ म्हणजे काहीच नाही आणि ‘पिलि’ म्हणजे केस. तुच्छता दाखवणारे हे चार लॅटिन शब्द व्याकरणाच्या शालेय पुस्तकात एकत्र दिलेले असत. ते एका दोरीत ओवून हा शब्द तयार झाला. इंग्रज कवी विल्यम शेनस्टन याच्या 1741 च्या पत्रात तो आढळतो. यात ‘आय’ हे अक्षर नऊ वेळा येते, पण इंग्रजीत सर्वाधिक वापरले जाणारे ‘ई’ एकदाही येत नाही.

शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात कॉस्टर्ड या विनोदी पात्राच्या तोंडी ‘ऑनोरिफिकॅबिलिट्यूडिनिटाटिबस’ (27 अक्षरे) हा शब्द येतो. ‘सन्मानास पात्र असण्याची अवस्था’ असा त्याचा आशय असून त्यात पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत व्यंजन आणि स्वर आलटून पालटून येतात. या शब्दाने एका वादालाही खतपाणी घातले. 1910 मध्ये एडविन ड्युर्निंग-लॉरेन्स यांनी त्याची अक्षरे उलटसुलट जुळवून ‘एफ. बेकनपासून जन्मलेली ही नाटके जगासाठी जतन केली आहेत’ अशा अर्थाचे लॅटिन वाक्य काढले आणि शेक्सपिअरची नाटके त्याचा समकालीन तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन याने लिहिल्याचा तो पुरावा मानला. हा युक्तिवाद टिकत नाही, कारण हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमध्ये आधीपासून प्रचलित होता आणि शेक्सपिअरच्या जवळपास तीनशे वर्षे आधी इटालियन कवी दान्तेनेही लांब शब्दाचा नमुना म्हणून त्याचा उल्लेख केला होता. सत्तावीस अक्षरे हाताशी असली की त्यांतून हवे ते वाक्य काढण्यास वाव मिळतो, हेच त्यातून दिसते.

निव्वळ लांबीसाठी घडवलेल्या शब्दांत ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस’ (45 अक्षरे) अग्रगण्य आहे. फुप्फुस, अति, सूक्ष्मदर्शकीय, सिलिका, ज्वालामुखी, धूळ आणि विकार अशा अर्थांचे घटक यात ओळीने येतात. सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे जाऊन होणारा फुप्फुसाचा रोग, असा त्यांचा एकत्रित अर्थ होतो. अमेरिकेतील नॅशनल पझलर्स लीग या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो 1935 मध्ये रचला. वैद्यकात मात्र ‘सिलिकोसिस’ या छोट्या शब्दाने काम भागते. याउलट ‘स्यूडोस्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम’ (30 अक्षरे) ही खरोखरीची वैद्यकीय संज्ञा आहे. पॅराथायरॉइड ग्रंथींच्या न्यूनतेसारख्या भासणाऱ्या एका विकाराला आधी ‘स्यूडो’ म्हणजे ‘आभासी’ हे पद लागले होते. त्या विकाराची बाह्य लक्षणे असूनही रक्तातील कॅल्शियम प्रमाणात असलेले रुग्ण आढळले, तेव्हा फुलर ऑलब्राइट व सहकाऱ्यांनी 1952 मध्ये तेच पद आणखी एकदा जोडले. आभासाचा आभास व्यक्त करणारी ही द्विरुक्ती काटेकोर आहे, म्हणूनच मला ती आधीच्या 45 अक्षरी शब्दाहून सरस वाटते.

प्रत्यक्ष खेळात लांबीला मर्यादा असते. स्क्रॅबल या अक्षरे जुळवून शब्द लावण्याच्या खेळाचा पट 15 बाय 15 चौकोनांचा असतो, त्यामुळे वरीलपैकी एकही शब्द त्यावर मावत नाही. खेळाडूच्या हाती एका वेळी सातच टाइल असतात. म्हणून 15 अक्षरांचा शब्द लावण्यासाठी त्यातील किमान आठ अक्षरे पटावर योग्य जागी आधीच असावी लागतात. पटाच्या रुंदीइतके दोन शब्द शौकिनांना विशेष आवडतात: ‘अनकॉपिराइटेबल’, म्हणजे ज्याचे स्वामित्वहक्क घेता येत नाहीत असे, आणि ‘डर्मॅटोग्लिफिक्स’, म्हणजे बोटांच्या व तळव्यांच्या त्वचेवरील रेषांचा अभ्यास. दोहोंत एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. नऊ अक्षरांच्या ‘स्ट्रेंग्थ्स’मध्ये स्वर एकच असतो, तर हिशेबनीस या अर्थाच्या ‘बुककीपर’मध्ये दुहेरी अक्षरांच्या तीन जोड्या सलग येतात.

टिटिन या स्नायूंतील प्रथिनाचे पूर्ण रासायनिक नाव 1,89,819 अक्षरांचे होते, असे सांगितले जाते. ते नाव म्हणजे अमिनो आम्लांची क्रमवार यादी असल्याने कोशकार त्याला शब्द मानत नाहीत.