बोनेर : निसर्ग व जलक्रीडा पर्यटन

बोनेर हे दक्षिण कॅरिबियन समुद्रातले, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किमी. उत्तरेला असलेले २८८ चौ. किमी.चे बेट. १० ऑक्टोबर २०१० पासून ते नेदर्लंड्सची विशेष नगरपालिका आहे. राजधानी क्रालेन्डाइक. लोकांची रोजची भाषा पापियामेंतू, चलन अमेरिकी डॉलर. कॅरिबियन म्हटल्यावर जी हिरवीगार, धबधब्यांची बेटे आठवतात त्यांत बोनेर बसत नाही. इथे पाऊस थोडा पडतो, जमिनीवर निवडुंग आणि काटेरी झुडपे दिसतात. पाण्याखालच्या वैभवाचे एक कारण मात्र याच रखरखीतपणात आहे. बारमाही नदी नसल्यामुळे समुद्रात गाळ फारसा येत नाही. पाणी नितळ राहते आणि प्रवाळांना ऊन मिळते.

बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगत प्रवाळांची झालर आहे. किनाऱ्यापासून थोडेसे पोहत गेले की उथळ तळ संपतो आणि प्रवाळांनी भरलेला उतार खोल पाण्यात जातो. पूर्वेकडून वर्षभर वाहणारे व्यापारी वारे बेट स्वतःच अडवत असल्यामुळे ही बाजू बहुतेक वेळा शांत असते. म्हणून इथे स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून बुडी मारण्यासाठी, बोट लागतेच असे नाही. पाणबुडे पिकअप गाडी भाड्याने घेतात, मागे हवेचे सिलिंडर ठेवतात, रस्त्याकडेचा पिवळा रंगवलेला दगड पाहून थांबतात आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरतात. त्या दगडांवर त्या-त्या जागेचे नाव लिहिलेले असते. कार्पाटा, थाउजंड स्टेप्स ही त्यांतली प्रसिद्ध नावे. १९८४ मध्ये बुडालेले ‘हिल्मा हूकर’ हे मालवाहू जहाज सुमारे ३० मी. खोलीवर वाळूत आडवे पडले आहे; ते पाहायला खोल पाण्याचा सराव हवा. स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात श्वासनळी धरून पृष्ठभागावर पोहत खाली पाहणे, करणाऱ्यांना मात्र उथळ पाण्यातही पोपटमासे, एंजलफिश आणि समुद्री कासवे दिसू शकतात. नवख्याने आधी तेवढेच करावे.

हे सारे टिकले ते नियमांमुळे, आणि ते नियम पर्यटक मोठ्या संख्येने येण्याआधीच झाले, हे बोनेरचे खरे मोठेपण. कासवांना १९६१ मध्ये संरक्षण मिळाले, भाल्याने मासेमारी १९७१ मध्ये बंद झाली, प्रवाळ तोडण्यावर १९७५ मध्ये बंदी आली. १९७९ मध्ये बोनेर राष्ट्रीय सागरी उद्यान स्थापन झाले. भरतीरेषेपासून ६० मी. खोलीपर्यंतचा बेटाभोवतालचा समुद्र त्यात येतो. १९६२ मध्ये शिडाच्या जहाजाने आलेले ‘कॅप्टन डॉन’ स्ट्युअर्ट यांनी इथल्या स्कूबा पर्यटनाचा पाया घातला आणि नांगरांनी प्रवाळ मोडू नयेत म्हणून कायमच्या तरंगत्या खुणांना बोटी बांधण्याची पद्धत रुजवली. उद्यानाचा कारभार स्टिनापा ही संस्था पाहते. पाणबुड्यांकडून शुल्क घेण्यास १९९२ मध्ये सुरुवात झाली आणि उद्यानाचा खर्च त्यातून भागू लागला. पहिल्या दिवशी सराव-बुडी सक्तीची असते, हातमोजे घालायला मनाई असते. मोजे असले की हात आपोआप प्रवाळावर टेकतो, हे एकदा लक्षात आले की नियम जाचक वाटत नाही.

पश्चिमेला समोरच क्लाइन बोनेर हे निर्मनुष्य बेट आहे. तिथे बांधकाम होऊ नये म्हणून ते १९९९ मध्ये विकत घेऊन निसर्गासाठी राखण्यात आले.

पूर्वेकडच्या लाक या उथळ उपसागराचे रूप वेगळे. बाहेरचा प्रवाळकट्टा लाटा अडवतो, वारा मात्र अडत नाही; म्हणून सोरोबोन येथे कमरेएवढ्या पाण्यात विंडसर्फिंग (शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्याने पुढे जाणे) शिकता येते. शिकणारा पडला तरी उभा राहू शकतो. टॅटी फ्रान्स आणि किरी थोडे हे या खेळातले नामवंत खेळाडू बोनेरचेच. उपसागराच्या आतल्या बाजूला खारफुटी आहे; कयाकने हळूहळू फिरत ती पाहता येते. तिथेच लहान मासे वाढतात, आणि समुद्रगवतावर हिरवी कासवे चरतात. मोठ्या पतंगाने ओढल्या जाणाऱ्या फळीवरचे काईटसर्फिंग मात्र नैर्ऋत्य किनाऱ्यावर चालते.

जमिनीवर उत्तरेला १९६९ मध्ये स्थापलेले वॉशिंग्टन-स्लागबाय राष्ट्रीय उद्यान आहे, २४१ मी. उंचीचे ब्रान्दारिस हे बेटाचे सर्वोच्च शिखर त्यातच येते. पिवळ्या खांद्याचा पोपट, ज्याला इथे लोरा म्हणतात, तो या भागात आढळतो. दक्षिणेला मिठागरे आहेत. पेकेलमेर येथील फ्लेमिंगोंच्या विणीच्या जागेत कोणालाही सोडत नाहीत. रस्त्यावरून दुर्बिणीने पाहावे. मिठागरांच्या काठी १८५० च्या सुमारास बांधलेल्या, माणूस धड उभाही राहू शकणार नाही अशा बुटक्या झोपड्या आहेत. मीठ काढणाऱ्या गुलामांना त्यांत राहावे लागे. डच वसाहतींत गुलामगिरी १८६३ मध्ये संपली. जवळच पाणबुड्यांच्या आवडीच्या जागा आहेत. प्रवाशाने तिथे गाडी थांबवून या झोपड्या पाहाव्यातच.

बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या मार्गाच्या दक्षिणेला असल्याने वर्षभर जाता येते. प्रवाळांपुढची संकटे मात्र वाढली आहेत. तापलेल्या पाण्यामुळे ते पांढरे पडतात, आणि कठीण प्रवाळांचे ऊतक नष्ट करणारा रोग २०२३ मध्ये इथेही पोहोचला. तेव्हापासून एका जागेहून दुसरीकडे जाताना पाणबुड्यांनी आपले साहित्य निर्जंतुक करावे, असा आग्रह धरला जातो.